पाचव्या फाऊलची शिट्टी

मला जुनी म्हणा, चालेल. पण मित्रांनो, गंजलेली म्हणू नका. मी पितळेची आहे. पितळ काळवंडतं, आणि चिंच लावून घासलं की पुन्हा उजळतं. मी बास्केटबॉलच्या पंचाची शिट्टी आहे. माझ्यासारखी दुसरी शिट्टी तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही, कारण मी दुकानातली नाहीच. मला एका बापानं आपल्या लेकीसाठी लेथवर घडवलं.

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीला लागून पत्र्याची शेड आहे. तिथं रवळू नावाचे टर्नर कामाला होते. खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून ते रोज मोटारसायकलनं येत. यायच्या आधी भाताच्या शेतावर एक फेरी मारत, म्हणून त्यांच्या बुटांना कायम चिखल असे आणि हातांना ऑइल. त्यांची मुलगी रचना बेळगावात कॉलेजला होती. ती बास्केटबॉल खेळायची आणि चांगली खेळायची. पण दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा मोडला. डॉक्टरांनी उड्या बंद केल्या.

टिळकवाडीत राहणारे हरिभाऊ तिचे क्रीडाशिक्षक होते. शाळेतून निवृत्त झाले तरी रोज संध्याकाळी मुलांना खेळ शिकवत. रचना त्यांच्यापुढं रडली, तेव्हा ते म्हणाले, "खेळता येत नाही ना? मग खेळवायला शीक. पंच हो."

रचनानं नियमांचं पुस्तक आणलं आणि बाजारातून एक प्लॅस्टिकची शिट्टी आणली. घरी परसात ती सराव करू लागली. रवळूंनी तो आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

"ही कसली शिट्टी गं? आपला कुकर बी हिच्यापेक्षा जोरात वाजतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला विचारून भंगारातला पितळी रॉडचा एक तुकडा मागून घेतला. तो तुकडा म्हणजे मी. त्यांनी मला लेथवर धरलं, आतून पोखरलं, कानशीनं कडा मऊ केल्या, पोटात बुचाची एक गोळी घातली. दातांना पितळ लागू नये म्हणून तोंडावर रबर चढवलं. मी वाजले आणि रचना हसली. गुडघा मोडल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली, असं तिची आई जयाबाई म्हणाल्या.

पण माझ्या पहिल्याच मोठ्या परीक्षेत मी नापास झाले. कॉलेजांच्या सामन्यात दोन मुली चेंडूला झोंबल्या होत्या. रचनानं फुंकर मारली आणि मी वाजलेच नाही. थुंकीनं बुचाची गोळी फुगून अडकली होती. शिट्टी नाही म्हणून मुली थांबल्या नाहीत, आणि त्यातल्या एकीचं मनगट मुरगळलं. रचना घरी आली ती थेट बापाकडं गेली.

"आप्पा, ही ऐनवेळी मुकी झाली."

रवळूंनी मला तिच्या हातातून घेतलं. त्यांनी मला पुन्हा कामावर नेलं आणि माझं पोट कापलं. गोळी काढून टाकली. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा सोडून ते माझ्यावर काम करत. आत पितळेची एक पातळ भिंत घालून त्यांनी माझे दोन कप्पे केले, एक लांब, एक आखूड. एकाच फुंकरीत दोन वेगळे सूर निघून एकमेकांशी भांडले पाहिजेत, म्हणजे आवाज धारदार होतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. सतरा दिवस लागले. भिंत तीन वेळा चुकली, तीन वेळा तिच्या जोडाची झाळ वितळवून ती काढली. अठराव्या दिवशी त्यांनी मला फुंकलं आणि शेडमधल्या सगळ्यांनी आपापली मशीनं बंद केली. काहीतरी फुटलं असं त्यांना वाटलं.

"आप्पा," शेजारच्या मशीनवरचा शामू ओरडला, "बैलं बुजतील की वो!"

त्या दिवसापासून मी एकदाही मुकी झाले नाही.

रचना जिल्ह्याची पंच झाली, मग राज्याची. परीक्षेत तिला धावायला लावत. मोडलेल्या गुडघ्याला पट्टा बांधून ती धावली. मी तिच्या गळ्यात काळ्या दोरीवर असे. तिची फुंकर मला अगदी पाठ झाली. एकच, छोटी, पोटातून आलेली. काही पंच भीत भीत फुंकतात आणि मग इकडंतिकडं बघतात. रचनानं मला कधी अर्धवट फुंकलं नाही. आधी बघायची, मग फुंकायची, आणि फुंकल्यावर मागं वळून प्रेक्षकांकडं बघायची नाही. मला तिचा फार अभिमान वाटे. दुसऱ्या पंचांच्या काळ्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्या चकचकीत असत, पण त्यांच्यापैकी एकीलाही आपला बाप ठाऊक नव्हता.

मग व्यावसायिक लीग सुरू झाली. शहराशहरांचे संघ, टीव्हीवर सामने, खेळाडूंचे मोठाले फलक. बेळगावच्या संघात सौरव होता. तोही हरिभाऊंच्याच हाताखाली तयार झालेला. सहा फूट पाच इंच उंच, सात नंबरचा शर्ट. चेंडू घेऊन तो आत घुसला की अख्खं स्टेडियम उभं राही. लहान पोरं केसही त्याच्यासारखे कापून घेत. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर अशा खेळाडूंसमोर पुष्कळ शिट्ट्या जरा उशिरा वाजतात. कुणी उघड बोलत नाही, पण त्याचा धक्का लागला तर पंच क्षणभर थांबतात, त्याला धक्का लागला तर लगेच फुंकतात. सौरवलाही त्याची सवय झाली होती. त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता.

उपांत्य सामना बेळगावात होता, हुबळीच्या संघाशी. घरच्या सामन्याला घरचा पंच देत नाहीत. पण तिघा पंचांपैकी एकाला त्याच सकाळी ताप भरला आणि दुसरा कुणी वेळेत पोचण्यासारखा नव्हता. लीगच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही संघांना विचारलं. बेळगावच्या मॅनेजरनं हसत सही केली. "चालतंय की! आपलीच पोरगी हाय." हुबळीवाल्यांनी दुसरा इलाज नाही म्हणून सही केली. रचनानं दोन्ही सह्या पाहिल्या. पहिली सही तिला जास्त टोचली. मला मुठीत धरून ती कपडे बदलायच्या खोलीत बराच वेळ बसली, आणि मग उठून मैदानावर गेली.

सामना अटीतटीचा झाला. या खेळात एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की त्याला बाहेर बसावं लागतं. सौरवचे तिसऱ्या भागाच्या अखेरीस चार झाले होते. त्यातला तिसरा रचनानं दिला होता. तो दुसऱ्याच्या हातातला चेंडू काढायला गेला, तेव्हा मनगटावर फटका बसला असं तिला दिसलं. सौरव दोन्ही हात पसरून म्हणाला, "मॅडम, फक्त बॉल!" पण मी वाजून गेले होते.

शेवटचे नऊ सेकंद उरले. हुबळी बहात्तर, बेळगाव एकाहत्तर. चेंडू सौरवकडं आला. सगळं स्टेडियम त्याच्या नावानं घुमत होतं. तो आत घुसला. समोर हुबळीचा नागेंद्र होता, पहिल्याच हंगामातला खेळाडू, ज्याचं नाव त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. नागेंद्र दोन्ही पाय रोवून, छाती समोर करून उभा होता. रचना धावत बाजूच्या रेषेवर पोचली होती, जिथून दोघांच्या मधली फट दिसते. सौरव उडाला, त्याचा खांदा थेट नागेंद्रच्या छातीत बसला, नागेंद्र मागं आपटला, आणि त्यानंतर सौरवच्या हातून सुटलेला चेंडू बास्केटमधून खाली पडला. पाच हजार माणसं एकदम ओरडली. बेळगाव जिंकलं होतं.

आणि त्या गर्जनेच्या आत मी वाजले.

एकच फुंकर. तिचा श्वास माझ्या दोन्ही कप्प्यांतून गेला आणि मला जाणवलं, तो जरासुद्धा थरथरत नव्हता. तिनं मूठ वर केली, मग उघड्या तळव्यावर मूठ मारली: चढाई करणाऱ्याचा फाऊल. बास्केट रद्द. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडं वळून तिनं बोटांनी सात दाखवले. पाचवा फाऊल. सौरव बाहेर.

सौरव चालत तिच्यासमोर आला. केवढा तरी उंच. मी त्याच्या पोटाच्या रेषेत लोंबकळत होते.

"नीट बघितलंत, मॅडम?"

"बघितलं," रचना म्हणाली. "त्याचे पाय रोवलेले होते. खांदा तुझा होता."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग जाऊन बाकावर बसला आणि त्यानं टॉवेल डोक्यावर घेतला. बेळगाव हरलं. सामना संपल्यावर नागेंद्र छाती चोळत आभार मानायला आला, तर रचनानं त्याला थांबवलं. "माझे आभार नकोत. तू जागेवर उभा होतास, एवढंच." प्रेक्षकांतून पाण्याच्या बाटल्या येत होत्या. पोलिसांनी तिला मागच्या दारानं बाहेर काढलं.

मग गावभर वाद पेटला. उद्यमबागेत, बसथांब्यावर, टिळकवाडीच्या चहाच्या दुकानात, सगळीकडं एकच विषय. लोकांनी मोबाईलवर तो क्षण शंभर वेळा पाहिला. कुणाला नागेंद्रचा पाय सरकलेला दिसला, कुणाला नाही. कुणी रचनाला हुबळीची म्हटलं, कुणी त्याहून वाईट. फाउंड्रीत शामूसुद्धा रवळूंना म्हणाला, "आप्पा, तुमच्या पोरीनं आपल्याच माणसाला भाईर काढलं की वो!"

रवळू मायक्रोमीटर पुसत म्हणाले, "माप घेताना पीस कुणाचा हाय ते बघतोस व्हय रं?"

रचना दोन दिवस घरीच होती. तिसऱ्या दिवशी हरिभाऊ आपला लॅपटॉप घेऊन गावी आले. सोप्यात बसून दोघांनी अख्खा सामना पुन्हा पाहिला. पाचवा फाऊल त्यांनी तीन बाजूंनी पाहिला. पाय रोवलेले होते. खांदा सौरवचाच होता. हरिभाऊंनी मान डोलावली. पण मग रचना म्हणाली, "सर, तिसरा दाखवा."

तिसरा फाऊल हळू गतीनं पडद्यावर आला. सौरवचा हात आला, चेंडूला लागला. मनगटाला नाही. पुन्हा पाहिलं. मनगटाला नाही.

मित्रांनो, ती शिट्टीही मीच होते. पाचवी माझी आणि तिसरीही माझीच. अभिमान सांगायला बसले आहे, तर हेही सांगायलाच हवं.

रचनानं पडद्यावर बोट ठेवलं. "मी मागं राहिले होते," ती म्हणाली. "माझ्या आणि त्याच्या मधे एक माणूस होता. मला फटका दिसला न्हाय, मी तो धरून चालले." मग तिनं कागद ओढला. "लीगला लिहून कळवते."

हरिभाऊ दचकले. "अगं, कुणी विचारलं तरी आहे का? लिहिलंस तर लोक म्हणतील, तिसरा खोटा, म्हणजे पाचवा चौथाच. सौरव बाहेर जायलाच नको होता. पाचव्याचा खरेपणाही मग कुणाला दिसणार नाही."

"म्हणू देत सर."

दारात उभे असलेले रवळू तेव्हा बोलले. "गुरुजी, चुकलेला पीस चांगल्यात मिसळून धाडला की आख्खा लॉट परत येतोय. बाजूला काढून ठेवला की उरल्याल्यावर लोकांचा इश्वास बसतोय. लिही गं तू."

तिनं लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी ती मला गळ्यात घालून हरिभाऊंबरोबर टिळकवाडीच्या त्याच चहाच्या दुकानात गेली. वाद रंगात आला होता. सुहास नावाचे एक वकील बाकावर बसून सगळ्यांना पटवून देत होते.

"लोक कुणाला बघायला येतात हो? शिट्टीला? सौरवला बघायला येतात. शेवटच्या नऊ सेकंदांत पंचानं खेळाडूंना खेळू द्यावं. असा निर्णय पहिल्या मिनिटात दे, कोण विचारतो? पण शेवटी? स्टारला?"

"नियमाच्या पुस्तकात शेवटच्या मिनिटाचं पान वेगळं नाही, सुहास," हरिभाऊ म्हणाले.

सुहासांनी वळून पाहिलं आणि रचनाला ओळखलं. ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "काका, तिसरा फाऊल माझा चुकला. सौरवनं फक्त बॉल मारला होता. मी लीगला तसं लिहून दिलंय आणि सौरवलाही कळवलंय."

एकदम गलका उठला. "बघा! कबूल झाली!" कुणीतरी ओरडलं, "मग पाचव्याची बी माफी मागा की!"

"न्हाय," रचना म्हणाली. तिचा हात माझ्यावर होता. "तो बरोबर होता. चुकलं त्याची माफी मागितली. बरोबर होतं त्याची मागणार न्हाय. तिथं नागेंद्रच्या जागी सौरव उभा असता आणि नागेंद्रनं खांदा मारला असता, तर तुम्हीच मला खांद्यावर घेऊन नाचला असता. तेवढं एकदा मनात आणून बघा."

त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. सुहासांनी तिच्यासाठी चहा सांगितला, इतकंच. ती तो उभ्यानं प्याली आणि निघाली.

लीगचं उत्तर आलं. पाचवा निर्णय योग्य, तिसरा चूक. उरलेल्या हंगामात तिला सामना मिळाला नाही. कारण सुरक्षेचं दिलं होतं. तिनं मला खुंटीवर अडकवलं. पावसाळा आला आणि गेला. चुलीचा धूर, दमट हवा. मी काळी पडत गेले. एकदा एक पाल माझ्या दोरीवरून उतरली. फार वाईट दिवस होते ते. मारलेली चुकीची शिट्टी परत घेता येत नाही आणि बरोबर मारलेली कुणाला पटवता येत नाही, हे मला तिथं लटकून कळलं. पण रचना रोज सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून बांधावरून धावायला जात होती. मी दारातून तिला बघत असे. तिनं एकही दिवस चुकवला नाही.

दिवाळीनंतर नव्या हंगामाची पत्रं निघाली. घरच्या पंचाचा जुना नियम काढून आता प्रत्येक संघाला दोन पंचांची नावं नाकारायचा हक्क दिला होता. बेळगावच्या मॅनेजरनं पहिलंच नाव रचनाचं लिहिलं. पुढचं हरिभाऊंनी सांगितलं तेव्हा मी ऐकलं. तो कागद सह्यांसाठी कर्णधाराकडं गेला. कर्णधार सौरव होता. त्यानं पेन मागून घेतलं, रचनाचं नाव खोडलं आणि कागद परत दिला. मॅनेजर चिडला, "डोकं फिरलंय का तुझं?" सौरव म्हणाला, "माझ्याबाबतीत आपलं चुकलं असं लिहून देणारा पंच मी दुसरा बघितला नाही. ती मला चालेल."

नेमणुकीचं पत्र आलं त्या दुपारी जयाबाईंनी मला खुंटीवरून काढलं. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन मला इतकं घासलं की रवळू म्हणाले, "अगं, झिजवशील तिला." नवं रबर चढलं, नवी दोरी आली.

बेळगावातला पहिला सामना. रचना मैदानावर उतरली आणि वरच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली. मला ती गर्जना पोटात ऐकू येत होती. तिसऱ्याच मिनिटाला समोरच्या संघाचा एक खेळाडू नेम धरत होता आणि सौरवचा हात त्याच्या कोपरावर बसला. रचना जवळ होती. मधे कुणी नव्हतं. तिनं फुंकलं. मूठ वर. बोटांनी सात.

हुर्यो दुप्पट झाली. कुणीतरी तिच्या बापाचं नाव घेऊन ओरडलं. रवळू प्रेक्षकांत बसले होते. ते हलले नाहीत.

आणि तेवढ्यात सौरवनं आपला उजवा हात सरळ डोक्यावर धरला.

फार पूर्वी असा रिवाज होता, मित्रांनो. आपला फाऊल झाला की खेळाडू स्वतःहून हात वर करायचा: हो, माझा होता. आता तसं कुणी करत नाही; उलट दोन्ही हात पसरून 'मी काय केलं?' म्हणायची पद्धत आहे. सौरव हात वर करून उभा राहिला, आणि प्रेक्षकांकडं तोंड करून उभा राहिला. वरच्या रांगांतला आवाज आधी तुटला, मग विरला. एका पोरानं टाळी वाजवली. त्याच्या शेजारच्यानं वाजवली.

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या शाळेतल्या सामन्यात पंच एखादा निर्णय देईल आणि तुमचा आवडता खेळाडू बाहेर जाईल. ओरडायच्या आधी पंच कुठं उभा आहे ते बघा, आणि मनानं तिथं जाऊन उभे राहा. तिथून तुम्हाला काय दिसलं असतं ते स्वतःला विचारा. मग खुशाल वाद घाला. वाद घातलाच पाहिजे, त्यानं खेळ वाढतो. आणि ज्यांच्या गळ्यात एक दिवस शिट्टी येईल, त्यांनी तिला धुवून, पुसून, कोरडी ठेवावी, पूर्ण फुंकावी, आणि चुकलं तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगावं.

सौरवनं हात खाली घेतला. रचनानं चेंडू नेम धरणाऱ्याच्या हाती दिला, दोन बोटं दाखवली, दोन फ्री थ्रो, आणि धावत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.